घड्याळाशेजारची टाकी : ट्रेमधली टूलटिप आणि मेनू चालू ॲपमध्ये कसे बदलत ठेवायचे

खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांत मिळून किती पाणी आहे, ते पावसाळ्यात पेपरात येत राहतं. चारही भरली की २९.१५ टीएमसी, हा आकडा पुण्यात पुष्कळांना तोंडपाठ असतो. आपल्याच गच्चीवरच्या टाकीत किती पाणी उरलंय हे मात्र नळ फुसफुसायला लागल्याशिवाय कळत नाही. म्हणून बावधनच्या आमच्या सोसायटीत आम्ही वरच्या टाकीच्या झाकणाला आतून अल्ट्रासॉनिक सेन्सर लावला आणि सोसायटी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर, खाली उजवीकडे घड्याळाशेजारी, एक छोटा आयकॉन बसवला. माउस वर नेला की छोट्या चौकटीत, म्हणजे टूलटिपमध्ये, पातळी दिसते. राइट क्लिक केलं की मोटर चालू-बंद करता येते, टँकर मागवता येतो.

आयकॉन ट्रेमध्ये, म्हणजे घड्याळाशेजारच्या त्या पट्टीत, बसवणं पंधरा-वीस ओळींचं काम आहे आणि ते शिकवणारे व्हिडिओ ढिगाने सापडतात. पण ते सगळे तिथेच थांबतात. बसवलेला आयकॉन खरं बोलत राहील याची व्यवस्था कशी करायची, टूलटिप आणि मेनू आतल्या परिस्थितीप्रमाणे कसे बदलायचे, हे नवख्याला सहसा कुणी सांगत नाही. मीही ते आपटून शिकलो. कुठे आपटलो ते पुढे येईलच.

उदाहरण पायथन आणि पायसाइड ६ मधलं आहे, म्हणजे खिडक्या, मेनू, आयकॉन बनवायच्या क्यूटी या लायब्ररीचं पायथन रूप. पायथनचे क्लास, लूप आणि फंक्शन येत असतील तर अडचण येणार नाही. क्लास आणि फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. एडिटरमध्ये टाइप करायला घेतलंत की मूळ स्पेलिंग सूचनांमध्ये दिसेलच.

पायरी १ : सांगाडा

क्यू-ॲप्लिकेशन तयार करा, क्यू-सिस्टम-ट्रे-आयकॉन तयार करा, त्याला आयकॉन द्या, क्यू-मेनू तयार करून सेट-कॉन्टेक्स्ट-मेनूने जोडा आणि शो म्हणा. एवढ्यात आयकॉन दिसायला हवा. दिसला नाही, दिसून गेला, किंवा मेनू उघडला नाही, तर बहुतेक वेळा कारण पुढच्या तीनपैकी एक असतं.

पहिलं, मेनू फंक्शनच्या आतल्या व्हेरिएबलमध्ये ठेवलाय. ट्रे-आयकॉन मेनूची मालकी घेत नाही. फंक्शन संपलं की पायथन मेनू उचलून कचऱ्यात टाकतो आणि राइट क्लिकवर काहीच उघडत नाही. मेनू, ॲक्शन, ट्रे ही सगळी मंडळी एका क्लासच्या सेल्फवर बांधून ठेवा.

दुसरं, तुम्ही सेटिंगची एखादी खिडकी उघडून बंद केलीत आणि सगळं ॲपच गेलं. शेवटची खिडकी बंद झाली की ॲप संपवायचं, हा क्यूटीचा ठरलेला स्वभाव आहे. ट्रेच्या ॲपला तो चालत नाही. सेट-क्विट-ऑन-लास्ट-विंडो-क्लोज्ड याला खोटं म्हणजे फॉल्स द्या.

तिसरं, क्यू-ॲक्शन सापडत नाही अशी तक्रार. क्यूटी ६ मध्ये ते विजेट्सच्या विभागातून निघून जीयूआयच्या विभागात गेलं. जुने धडे अजून जुनाच पत्ता देतात.

आयकॉन विंडोजवर नेहमीच्या स्केलिंगला १६ बाय १६ पिक्सेलचा असतो, दीडपट स्केलिंगला २४ चा, दुपटीला ३२ चा. सगळे आकार द्या. त्या १६ पिक्सेलमध्ये आकडा लिहायचा मोह होईल. मी तीन रविवार त्यात घालवले. ‘६२’ वाचता येत नाही, चष्मेवाल्या माणसाला तर नाहीच. भरलेली टाकी, अर्धी टाकी, रिकामी टाकी आणि फुली मारलेली टाकी, अशी चार चित्रं पुरतात. नुसत्या लाल-हिरव्या रंगावर भिस्त ठेवू नका. आकार वेगळा असला तरच सगळ्यांना कळतं.

पायरी २ : स्थिती एकीकडे, दाखवणं दुसरीकडे

आता माझ्या चुकीची गोष्ट. पहिल्या आवृत्तीत मी दर तीस सेकंदांनी सेन्सरला विचारायचो आणि आलेला आकडा तिथल्या तिथे टूलटिपमध्ये टाकायचो. सेन्सर बोलला नाही तर एरर गिळून पुढे. एका रात्री अकराच्या सुमाराला सेन्सरचा ॲडॅप्टर सॉकेटमधून निसटला. टूलटिप ‘वरची टाकी ७०%’ वर गोठली. पहाटे पाचला वॉचमन काकांनी माउस नेऊन पाहिलं, सत्तर टक्के आहे म्हणून मोटर लावली नाही. साडेसातला बहात्तर फ्लॅटमधले निम्मे लोक अंगाला साबण लावून बाल्टीकडे बघत उभे होते. काकांनी काही चुकीचं केलं नव्हतं. माझ्या आयकॉनने त्यांना बेधडक खोटं सांगितलं होतं, आणि माझ्या कोडमध्ये ते खोटं पकडायला जागाच नव्हती.

म्हणून आधी सगळी माहिती एका जागी ठेवा. पायथनचा डेटाक्लास त्यासाठी उत्तम. आमच्याकडे तो असा आहे :

स्थिती
  वरची टाकी : ६२
  खालची टाकी : ४०
  मोटर : बंद
  नोंदीची वेळ : ९:४०
  संपर्क : आहे

मग एकच फंक्शन लिहा. मी त्याला ‘दाखव’ म्हणतो. ते स्थिती घेतं आणि तिच्यावरून आयकॉन, टूलटिप आणि मेनू तिन्ही ठरवतं. कोडमध्ये दुसरीकडे कुठेही सेट-टूलटिप किंवा सेट-आयकॉन नको. सेन्सरकडून आकडा आला, मोटर सुरू झाली, संपर्क तुटला, काहीही घडो : स्थिती बदला आणि ‘दाखव’ला बोलवा. नाहीतर आयकॉन म्हणतो टाकी रिकामी, टूलटिप म्हणते भरलेली आणि मेनू तिसरंच काही सुचवतो. मी हे तिन्ही एकाच वेळी पाहिलं आहे.

संपर्क नसणं हीसुद्धा एक स्थितीच आहे, एरर नव्हे. तिला स्वतःचं चित्र, स्वतःचा मजकूर आणि मेनूमध्ये स्वतःचं वागणं हवं. आमच्याकडे पाच मिनिटांत नवी नोंद आली नाही की टाकीवर फुली येते. ॲप नुकतंच उघडलंय आणि पहिली नोंद यायचीय, हीही वेगळी स्थिती. तिथे शून्य टक्के दाखवलंत तर कुणीतरी घाबरून टँकर मागवेल. ‘माहिती येतेय…’ लिहा.

पायरी ३ : टूलटिप

आमची टूलटिप आज अशी दिसते :

वरची टाकी ६२% · मोटर बंद
खालची टाकी ४०%
नोंद सकाळी ९:४०

तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे, आणि ती ‘३ मिनिटांपूर्वी’ अशी नाही, हे मुद्दाम. ‘३ मिनिटांपूर्वी’ हे वाक्य लिहिल्यापासून एका मिनिटात खोटं होतं. ते खरं ठेवायला दर मिनिटाला टूलटिप बदलावी लागते, आणि ॲप अडकलं किंवा लॅपटॉप झोपून उठला की नेमकं तेच बदलायचं राहून जातं. ‘९:४०’ मात्र काही केलं नाही तरी खरंच राहतं. काकांनी पाच वाजता ‘नोंद रात्री १०:५८’ वाचलं असतं तर त्यांना लगेच शंका आली असती. धरणाच्या साठ्याची बातमी ‘अमुक वाजेपर्यंत’ असं म्हणूनच आकडा देते, त्यातलंच हे. टूलटिपमधला मजकूर अपडेट व्हायचा राहिला तरी खोटा ठरू नये अशा बेताने लिहा.

पातळी बदलली नाही तरी नोंदीची वेळ बदलते, म्हणून टूलटिप मिनिटाला एकदा बदलतेच. त्याहून जास्त वेळा बदलू नका. नवा मजकूर आधीच्या मजकुराशी ताडून पाहा, वेगळा असेल तरच सेट करा. लिनक्सवर तर ट्रे दाखवणारा प्रोग्राम वेगळाच असतो. टूलटिप बदलली की डी-बसवरून (लिनक्सवर प्रोग्रामांचे निरोप वाहणारी यंत्रणा) त्याला निरोप जातो आणि तो माहिती परत मागून घेतो. सेकंदाला दहा निरोप पाठवायचं कारण नाही.

लांबीचं काय? विंडोजमध्ये टूलटिपला १२८ जागा असतात, त्यातली एक शेवटच्या खुणेला जाते, म्हणजे हातात १२७. विंडोज २००० च्या आधी त्या ६४ होत्या. डॉट नेटच्या विंडोज फॉर्म्समध्ये नोटिफाय-आयकॉनला ६३ ची मर्यादा कितीतरी वर्षं चिकटून राहिली. डॉट नेट ६ मध्ये ती १२७ झाली. जुन्या फ्रेमवर्कवर ६४ वं अक्षर दिलंत तर थेट एक्सेप्शन येतं. क्यूटी भांडत नाही, जास्तीचं मुकाट्याने कापतं.

इथे मराठीत लिहिणाऱ्याने जरा थांबायला हवं. ही मोजणी आपल्या डोळ्याला दिसणाऱ्या अक्षरांची नसते. ‘स्वारगेट’ वाचताना चार अक्षरं : स्वा, र, गे, ट. कॉम्प्युटरला त्यात आठ दिसतात : स, हलन्त, व, काना, र, ग, मात्रा, ट. वरची तीन ओळींची टूलटिप ओळी तोडण्याच्या दोन खुणा धरून ५५ भरते, म्हणजे जुन्या ६३ मध्येही बसते. पण त्यात टँकरवाल्याचं नाव आणि गाडी किती वाजता येणार ते घातलं की बघता बघता शंभरी गाठते. कापणारा नेमका हलन्तावर कापतो तेव्हा ‘स्वारगेट’चा ‘स्’ होऊन लोंबकळतो. काना-मात्रेआधी कापलं तर ‘टाकी’चं ‘टाक’ होतं आणि वाचणारा काय टाकायचं ते शोधत बसतो.

म्हणून क्यूटीवर सोपवू नका, स्वतः कापा. पायथनमध्ये लेन जो आकडा देतं तो देवनागरीसाठी विंडोजच्या मोजणीशी जुळतो. इमोजी घातलात तर जुळत नाही. पाण्याच्या थेंबाचं चित्र पायथनला एक वाटतं आणि विंडोजला दोन. कापायची रीत अशी : मजकूर १२६ च्या आत असेल तर हात लावू नका. मोठा असेल तर १२५ वर थांबा. ज्या अक्षरापासून पुढचं टाकून देणार आहात ते काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त यांपैकी असेल, किंवा राखलेलं शेवटचं अक्षर हलन्त असेल, तर एक घर मागे या. दोन्ही अटी सुटेपर्यंत मागे येत राहा आणि शेवटी ‘…’ लावा. युनिकोड-डेटा मॉड्यूलचं कॅटेगरी फंक्शन एखादं अक्षर मार्क गटातलं आहे का ते सांगतं. सात-आठ ओळींचं काम आहे.

ओळ तोडायला नेहमीची नवी-ओळ खूण विंडोजवर चालते. ठळक किंवा रंगीत अक्षरांसाठी एचटीएमएल टॅग घालू नका. विंडोजची टूलटिप साधा मजकूर असते, टॅग जसेच्या तसे छापले जातात. आणि महत्त्वाचं आधी लिहा. ‘श्री अमुकतमुक सहकारी गृहरचना संस्था मर्यादित, पाणीपुरवठा नियंत्रण’ असं लांबलचक नाव आमच्या सेक्रेटरींना पहिल्या ओळीत हवं होतं. ते मी अबाउटच्या खिडकीत ठेवलं.

पायरी ४ : मेनू

टूलटिप नुसती वाचतात, मेनूवर क्लिक करतात. त्यामुळे इथली चूक महाग पडते.

सुरुवातीला माझ्याकडे एकच ओळ होती. मोटर बंद असेल तर ‘मोटर सुरू करा’, चालू असेल तर ‘मोटर बंद करा’. क्लिक झालं की कोड म्हणायचा : आहे त्याच्या उलट कर. छान चाललं होतं. मग एके दिवशी काकांनी मेनू उघडला, ‘मोटर सुरू करा’वर माउस नेला आणि तेवढ्यात इंटरकॉम वाजला. ते बोलत असताना ठरलेल्या वेळी टायमरने मोटर आपोआप सुरू केली. काका परतले, उघड्या मेनूवर क्लिक केलं. ओळीवर ‘सुरू करा’ लिहिलेलं होतं आणि मोटर बंद पडली.

उपाय दोन, दोन्ही करा. एक, ‘उलट कर’ हा आदेशच काढून टाका. ओळीवर जे लिहिलंय तेच घडलं पाहिजे. क्यू-ॲक्शनला सेट-टेक्स्टने मजकूर देताना सेट-डेटाने ‘सुरू’ किंवा ‘बंद’ हा हेतूही चिकटवा, आणि क्लिक झाल्यावर ॲक्शनमधला हेतू वाचून तोच पाठवा. आधीच सुरू असलेल्या मोटरला ‘सुरू हो’ म्हटल्याने काही बिघडत नाही.

दोन, उघडा मेनू बदलू नका. माणूस क्लिक करायला निघालेला असताना त्याच्या बोटाखालची ओळ सरकवणं म्हणजे जेवायला बसलेल्याचं ताट ओढणं. क्यू-मेनूचा अबाउट-टू-शो हा सिग्नल, म्हणजे क्यूटीने दिलेली वर्दी, मेनू उघडण्याच्या आधी येतो, अबाउट-टू-हाइड बंद होताना. पहिल्यावर ताज्या स्थितीप्रमाणे मेनू सजवा आणि ‘उघडा आहे’ अशी खूण ठेवा. दुसऱ्यावर खूण काढा आणि मधल्या काळात काही बदललं असेल तर ‘दाखव’ला बोलवा. आयकॉन आणि टूलटिप मधेही बदलू द्या, त्यांनी कुणाचा क्लिक चुकत नाही.

ओळींची जागा कायम ठेवा. टँकरची गरज नसेल तर ती ओळ गायब करण्यापेक्षा सेट-एनेबल्डने पुसट करा. गायब केली की खालच्या सगळ्या ओळी एकेक घर वर येतात आणि हाताला सवय झालेला माणूस ‘टँकर मागवा’ समजून ‘बाहेर पडा’ दाबतो. पुसट करताना कारणही त्याच ओळीत लिहा. आमच्याकडे ‘टँकर मागवा – पातळी २०% खाली गेल्यावर’ असं दिसतं. नुसती पुसट ओळ पाहिली की लोक मला फोन करायचे.

खरोखर लहान-मोठी होणारी यादी असेल, तर तिला उपमेनूत टाका. आमच्या ‘मागचे टँकर’ या उपमेनूत शेवटचे पाच टँकर, तारीख आणि लिटर दिसतात. तो प्रत्येक वेळी क्लिअर करून नव्याने भरला तरी चालतो, पाच ओळींना वेळ लागत नाही. फक्त भरताना पायथनचा जुना सापळा सांभाळा : लूपमध्ये प्रत्येक ओळीला लॅम्ब्डा, म्हणजे बिननावाचं छोटं फंक्शन, जोडलात तर पाचही ओळी शेवटचाच टँकर उघडतात, कारण लॅम्ब्डा व्हेरिएबलची किंमत क्लिक होताना बघतो, जोडताना नाही. किंमत लॅम्ब्डाच्या डीफॉल्ट पॅरामीटरमध्ये पकडून ठेवा. आणि ट्रिगर्ड सिग्नल स्वतःबरोबर एक खरं-खोटं मूल्य पाठवतो, त्यासाठी पहिलं पॅरामीटर मोकळं सोडा. नाहीतर टँकरच्या जागी तुमच्या फंक्शनला फॉल्स मिळण्याची शक्यता राहते.

आणखी एक बारीक काटा. आमच्या एका टँकरवाल्याच्या नावात & आहे. मेनूमध्ये ते दिसेना. मेनूच्या मजकुरात & म्हणजे ‘पुढचं अक्षर कीबोर्ड शॉर्टकट’ अशी खूण असते. बाहेरून आलेला मजकूर मेनूत टाकण्यापूर्वी प्रत्येक & चे && करा, मग एक दिसतो.

पायरी ५ : वाट बघणारं काम बाजूच्या थ्रेडमध्ये

सेन्सरला विचारणं म्हणजे नेटवर्कवर वाट बघणं. ते मुख्य थ्रेडमध्ये, म्हणजे मेनू आणि खिडक्या सांभाळणाऱ्या कामाच्या धाग्यात, केलंत तर तेवढा वेळ मेनू उघडत नाही. पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी तुम्ही टाइमआउट दिला नाही तर कितीही वेळ ताटकळत बसते. पाच सेकंदांचा टाइमआउट द्या, आणि ते काम क्यू-थ्रेडमधल्या कामगार ऑब्जेक्टकडे सोपवा.

मग नवख्याला वाटतं, कामगाराकडे आकडा आलाच आहे तर तिथूनच टूलटिप बदलू. बदलू नका. क्यूटीच्या दिसणाऱ्या वस्तूंना फक्त मुख्य थ्रेडने हात लावायचा असतो. दुसऱ्याने लावला तर कधी चालतं, कधी ॲप कोसळतं. तुमच्या मशीनवर महिनाभर चालून सोसायटीच्या मशीनवर पहिल्याच दिवशी कोसळेल. कामगाराने सिग्नल सोडावा, मुख्य थ्रेडमधल्या ऑब्जेक्टच्या फंक्शनने तो झेलावा, स्थिती बदलावी आणि ‘दाखव’ला बोलवावं. थ्रेड वेगळे आहेत हे ओळखून क्यूटी तो सिग्नल आपोआप रांगेत लावतं. अपयश आलं तरी सिग्नल सोडा : ‘संपर्क नाही’. गप्प बसलेला कामगार काय करतो ते ॲडॅप्टरच्या रात्री पाहिलंच.

‘जुनी नोंद’ ओळखायचा टायमर मात्र मुख्य थ्रेडमध्ये, कामगारापासून वेगळा ठेवा. कामगार स्वतःच अडकला तर ‘मी अडकलो’ असं तो सांगू शकत नाही.

इतर ठिकाणी हेच करायचं तर

इलेक्ट्रॉनमध्ये (जावास्क्रिप्टने डेस्कटॉप ॲप बनवायचं साधन) मेनूच्या ओळीचं एनेबल्ड, व्हिजिबल आणि चेक्ड बदलता येतं, लेबल नाही. लेबल बदलायचं तर मेनू नव्याने बांधून सेट-कॉन्टेक्स्ट-मेनू परत म्हणा. लिनक्सवर ओळीतला साधा बदल दिसण्यासाठीही तो परतच म्हणावा लागतो. ट्रेचं व्हेरिएबल ग्लोबल ठेवा, नाहीतर थोड्या वेळाने आयकॉन नाहीसा होतो. आमच्या पायथन मेनूचा भाऊच तो.

पायस्ट्रे या पायथनच्या ट्रे-लायब्ररीत ओळीच्या मजकुराच्या जागी फंक्शन देता येतं, ही फार सोयीची गोष्ट. पण स्थिती बदलल्यावर अपडेट-मेनू म्हणायला विसरू नका.

मॅकवर मूळ कोड लिहीत असाल तर एनएस-मेनूच्या डेलिगेटमधलं मेनू-नीड्स-अपडेट हे अबाउट-टू-शोचं काम करतं. तिथे मेनू उघडा असताना नेहमीच्या मोडमधले टायमर थांबतात. ते चालू हवे असतील तर रनलूपच्या कॉमन मोडमध्ये लावावे लागतात.

थेट विंडोजच्या एपीआयवर काम करणाऱ्यांना दोन गोष्टी माहीत हव्यात. मेनू दाखवण्यापूर्वी सेट-फोअरग्राउंड-विंडो म्हटलं नाही तर बाहेर क्लिक करूनही मेनू मिटत नाही. आणि एक्सप्लोरर कोसळून पुन्हा उठला की ट्रे रिकामा होतो. तेव्हा येणारा टास्कबार-क्रिएटेड हा निरोप ऐकून आयकॉन परत बसवावा लागतो. क्यूटी हे दोन्ही स्वतः बघतं.

लिनक्समध्ये ग्नोम या डेस्कटॉपने ३.२६ या आवृत्तीत, २०१७ साली, जुना ट्रे काढून टाकला. आता तिथे ॲपइंडिकेटरचं एक्स्टेंशन लागतं. उबुंटूमध्ये ते आधीपासून असतं. केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपवर टूलटिप व्यवस्थित येते, पण लिबॲपइंडिकेटर लायब्ररी वापरणाऱ्या ॲपला टूलटिपची सोयच नाही. म्हणून टूलटिपमधली माहिती मेनूच्या पहिल्या ओळीत, पुसट करून, पुन्हा लिहा. आमच्याकडे विंडोज असूनही मी ती लिहिली आहे, कारण काका माउस स्थिर धरून टूलटिपची वाट बघत नाहीत, सरळ राइट क्लिक करतात. लिनक्सवर मेनूही दुसराच प्रोग्राम काढत असल्यामुळे मी तिथे एकट्या अबाउट-टू-शोवर विसंबत नाही. स्थिती बदलली की मेनू बंद असतानाच सजवून ठेवतो.

पायरी ६ : मोडून बघा, मग बसवा

ॲप चालू ठेवून सेन्सरचा प्लग काढा. पाच मिनिटांत फुली आली पाहिजे आणि टूलटिपमधली वेळ जुनीच राहिली पाहिजे. प्लग परत लावा, फुली जायला हवी. टास्क मॅनेजरमधून विंडोज एक्सप्लोरर रीस्टार्ट करा, आयकॉन परत यायला हवा. कॉम्प्युटर झोपवा, दहा मिनिटांनी उठवा आणि पहिल्या क्षणी टूलटिप काय म्हणते ते वाचा. मेनू उघडा ठेवून दुसऱ्याला हाताने मोटर सुरू करायला सांगा आणि मग क्लिक करा. ‘बाहेर पडा’ केल्यावर आयकॉन लगेच गेला का, तेही बघा. क्विटच्या आधी ट्रेला हाइड म्हटलंत की जातो. टास्क मॅनेजरमधून ॲप मारलं तर मात्र आयकॉनचं भूत माउस वरून फिरेपर्यंत तिथेच बसून राहतं. त्याला तुमच्या कोडमध्ये इलाज नाही.

विंडोज सुरू होताना ॲप आपोआप उघडायला विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, चौकटीत शेल, कोलन, स्टार्टअप असं जोडून इंग्रजीत टाइप करा आणि उघडलेल्या फोल्डरमध्ये ॲपचा शॉर्टकट टाका. लॉगिन होताना ट्रे अजून तयार नसला तरी चालतं; तो आला की क्यूटी आयकॉन बसवतं.

आणि विंडोज ११ नवा आयकॉन सहसा वर टोक असलेल्या बाणाच्या मागे लपवतं. सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन, टास्कबार, अदर सिस्टम ट्रे आयकॉन्स इथे जाऊन आपल्या ॲपचं बटण चालू करा. हे ॲपच्या कोडमधून करायला विंडोज रस्ता ठेवत नाही, तो निर्णय माणसाचा. काकांच्या मशीनवर मी स्वतः जाऊन केलं, आणि आयकॉन ओढून घड्याळाच्या जमेल तितका जवळ आणून ठेवला, कारण वेळ बघायला ते तिथेच बघतात.